गडचिरोलीत नव्याने कामाला येताय? जिल्ह्याची माणसं आणि कचेऱ्या समजून घेण्याची रीत

फेलोशिपवर आलेली मुलं, संस्थेचे नवे कार्यकर्ते, प्रबंधासाठी आलेले विद्यार्थी, बदलीवर आलेले शिक्षक. गडचिरोलीत पहिल्या महिन्यात या सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. एका गावाची लोकसंख्या विचारावी तर तहसीलमधून एक आकडा येतो, ग्रामपंचायतीतून दुसरा, अंगणवाडीतून तिसरा आणि आरोग्य उपकेंद्रातून चौथा. नवा माणूस वैतागतो आणि कुणीतरी थापा मारतंय असं धरून चालतो. बहुतेक वेळा कुणीच थापा मारत नसतं. प्रत्येकाचं 'गाव' वेगळं असतं, मोजणीची तारीख वेगळी असते आणि मोजण्यामागचं कामही वेगळं असतं. म्हणून या जिल्ह्यात 'किती माणसं?' हा प्रश्न नंतर विचारायचा. आधी विचारायचं, कुणाच्या गावाची आणि कुठल्या सालची.

या जिल्ह्यात काम करताना जे कळलं ते पायरीपायरीने लिहितो आहे. कायद्याची पुस्तकं वाचायलाच हवीत, पण ती या लेखानंतर वाचलीत तर लवकर उमगतील.

सुरुवातीला जवळ काय हवं

- २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका, 'अ' आणि 'ब' दोन्ही भाग. पीडीएफ मोबाइलमध्ये उतरवूनच निघा.
- तुमच्या तालुक्याची ग्रामपंचायतनिहाय गावांची यादी. ही पंचायत समितीत मिळते.
- तालुक्याचा नकाशा, शक्यतो इंटरनेटशिवाय उघडणारा.
- संस्थेचं किंवा विद्यापीठाचं पत्र, त्यावर सही-शिक्का, आणि त्याच्या पाच-सहा झेरॉक्स.
- ओळखपत्र, दोन पासपोर्ट फोटो, दहा रुपयांची काही कोर्ट फी तिकिटं.
- जाड पुठ्ठ्याची वही. दक्षिणेकडच्या तालुक्यांत मोबाइलवर सगळं लिहू म्हणाल तर चार्जिंगपाशी अडाल.

१. आधी जिल्ह्याचा ढोबळ आकार डोक्यात बसवा

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे ७४ माणसं, आणि त्याच वेळी राज्याची घनता होती ३६५. हा फरक एकदा नीट पचवा, कारण इथल्या प्रत्येक प्रशासकीय अडचणीच्या मुळाशी तो सापडतो. माणसं थोडी, मुलूख मोठा, जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगलाचा, आणि सिरोंचा मुख्यालयापासून दोनशेच्या आसपास किलोमीटरवर.

अनुसूचित जमातींचं प्रमाण ३८.७ टक्के आहे. राज्यात ते ९.३५ टक्के. शहरी लोकसंख्या जेमतेम ११ टक्के. दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया, तर राज्यात ९२९. साक्षरता ७४.३६ टक्के. २००१ मध्ये लोकसंख्या ९,७०,२९४ होती, म्हणजे दहा वर्षांत साडेदहा टक्क्यांची वाढ.

पण जिल्ह्याची सरासरी हातात घेऊन तालुक्यात जाऊ नका. तालुके बारा: गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, मुलचेरा, देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, कोरची, अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा. वैनगंगेकाठच्या धानपट्ट्यातला देसाईगंज आणि इंद्रावतीकडचा भामरागड हे एकाच जिल्ह्यात आहेत यावर पहिल्या फेरीत विश्वास बसत नाही. भामरागड-एटापल्लीत माडिया बोलली जाते, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत पुनर्वसित बंगाली कुटुंबं आहेत, कोरची-कुरखेड्यात छत्तीसगढी कानावर पडते. माडिया गोंड हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. बाकीचे दोन म्हणजे कातकरी आणि कोलाम. मराठीत छापलेली प्रश्नावली घेऊन सगळीकडे जाता येईल हा समज निघण्यापूर्वीच सोडा आणि दुभाषा बघून ठेवा.

एक बारीक गोष्ट. देसाईगंज आणि वडसा एकच. सरकारी कागदावर देसाईगंज, लोकांच्या तोंडी आणि रेल्वे स्टेशनावर वडसा. वन विभागाच्या कागदावरही वडसाच. यादी जुळवताना दोन वेगळी गावं धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

२. 'गाव' म्हणजे कुठलं गाव, ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. इथे 'गाव' या एका नावाखाली निदान चार गोष्टी चालतात.

पहिलं महसुली गाव, म्हणजे मौजा. त्याला हद्द असते, नकाशा असतो, सर्व्हे नंबर असतात. जनगणना याच गावाची होते आणि २०११ चा सहा अंकी गाव क्रमांकही यालाच असतो. (त्या जनगणनेत महाराष्ट्राचा क्रमांक २७ आणि गडचिरोली जिल्ह्याचा ५०८.) मौजात माणसं असलीच पाहिजेत असं नाही. ओसाड पडलेल्या मौजांपुढे कागदावर 'रिठ' किंवा 'रिठी' लिहिलेलं दिसेल. लोकसंख्या शून्य दिसली की ती टंकलेखनाची चूक समजून यादीतून खोडू नका. तसंच एकाच नावाची दोन-तीन गावं 'माल', 'चक', 'तुकूम' असं शेपूट लावून वेगळी केलेली असतात. शेपटासकट लिहा, नाहीतर शंभर माणसांच्या चकाला हजार माणसांच्या मालाचा आकडा चिकटतो.

दुसरं, टोला किंवा पाडा. माणसं राहतात ती जागा ही. एका मौजात तीन-चार टोले असू शकतात आणि ते एकमेकांपासून नाला ओलांडून दोन-तीन किलोमीटरवर असतात. जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत टोला वेगळा दिसत नाही. त्याची माणसं मौजाच्या बेरजेत विरघळलेली असतात.

तिसरं, ग्रामपंचायत. जिल्ह्यात त्या साडेचारशेच्या आसपास आहेत, आणि महसुली गावं त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे बहुतेक ग्रामपंचायती गट ग्रामपंचायती आहेत. तीन-चार गावं मिळून एक ग्रामपंचायत, आणि तिला नाव त्यातल्या एका गावाचं. घोळ इथेच होतो. ग्रामपंचायतीचं नाव आणि मुख्य गावाचं नाव एकच असल्यामुळे 'लोकसंख्या २,१००' हा आकडा कुणाचा, गावाचा की पंचायतीचा, हे कागदावर कळत नाही. प्रत्येक आकड्यापुढे 'मौ.' किंवा 'ग्रा.पं.' असं लगेच लिहायची सवय लावून घ्या.

चौथं, पेसाचं गाव. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या (राष्ट्रपतींनी जाहीर केलेल्या आदिवासी भागातल्या) पंचायतींचा १९९६ चा कायदा. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रात स्वतःच्या रूढीपरंपरेने कारभार चालवणारी वस्ती, अगदी एखादा पाडासुद्धा, गाव म्हणून जाहीर होऊ शकते आणि तिची स्वतंत्र ग्रामसभा असते. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे. पाड्यातले मतदार ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे प्रस्ताव देतात. त्यामुळे एका गट ग्रामपंचायतीत सहा-सात ग्रामसभा असणं इथे नवलाचं नाही. तुम्हाला गावात काम करायचं असेल तर परवानगी, चर्चा, विरोध, जे काही व्हायचं ते या ग्रामसभेतच होणार.

सापळा: सगळा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात काही तालुके पूर्ण आहेत, पण गडचिरोली, आरमोरी, चामोर्शी यांसारख्या तालुक्यांतली यादीत दिलेली गावंच आहेत. शिवाय त्या आदेशात कोरची, भामरागड ही तालुक्यांची नावं शोधत बसू नका. हे तालुके नंतर झाले. तुमचं गाव यादीत आहे का, हे पंचायत समितीत पेसाचं काम पाहणाऱ्या टेबलावर विचारून पक्कं करा.

३. दोन रांगा वेगळ्या ओळखा

जिल्ह्याचा कारभार एकाच शिडीने चालतो असं वाटतं. तसं नाही. दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत.

महसुलाची शिडी: जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी. पश्चिम महाराष्ट्रातून आला असाल तर 'प्रांत कुठे बसतात?' असं विचारू नका, समोरचा बुचकळ्यात पडेल. इकडे 'एसडीओ' म्हणतात. मंडळ अधिकारी म्हणजे 'आरआय (रेव्हेन्यू इन्स्पेक्टर) साहेब' आणि तलाठी म्हणजे 'पटवारी'. नव्या कागदांवर तलाठ्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे, पण गावात पटवारीच चालतं. जमीन, सातबारा, जात-उत्पन्नाचे दाखले, रेशन, निवडणूक, नैसर्गिक आपत्ती आणि जनगणना ही या शिडीची कामं. अंतर फार म्हणून दक्षिणेसाठी अहेरीला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आहे. दक्षिणेत काम असेल तर गडचिरोलीला धावण्याआधी अहेरीत चौकशी करा.

जिल्हा परिषदेची शिडी: मुख्य कार्यकारी अधिकारी, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ, विस्तार अधिकारी, ग्रामसेवक. ग्रामसेवकाला गावात 'सचिव' म्हणतात. नवं पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी'. शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावातले रस्ते, नळयोजना, घरकुल, जन्म-मृत्यू नोंद ही कामं इकडे. महाराष्ट्रात ही रचना १९६१ च्या कायद्याने, १ मे १९६२ पासून आली. या शिडीवर निवडून आलेली माणसंही असतात: अध्यक्ष, सभापती, सरपंच. निवडणुका लांबल्या की प्रशासक बसतो आणि सभापतींच्या दालनाला कुलूप दिसतं. अशा वेळी अर्ज थेट प्रशासकाच्या नावाने करावा.

पटवारी आणि सचिव यांचे कागद एक समजणं ही नव्या माणसाची हमखास होणारी गफलत. पटवाऱ्याकडे 'आठ-अ' असतो, तो शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. ग्रामपंचायतीत 'नमुना ८' असतो, ती घरांच्या कर आकारणीची नोंद. तुम्हाला गावातली घरं मोजायची असतील तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा. 'आठचा उतारा द्या' एवढंच म्हटलंत तर ज्याच्या दारात उभे आहात तो त्याचा देईल.

शहरी भाग वेगळाच. २०१५ च्या सुमारास बहुतेक तालुका मुख्यालयांच्या नगरपंचायती झाल्या. भामरागड २०११ च्या जनगणनेत खेडं आहे, आज तिथे नगरपंचायत आहे. म्हणून 'ग्रामीण लोकसंख्या' हा जनगणनेतला आकडा आजच्या जिल्हा परिषदेच्या कार्यक्षेत्राशी जुळणार नाही.

४. प्रकल्प, वन आणि पोलीस

आदिवासी विकास विभागाचे तीन प्रकल्प जिल्ह्यात आहेत: गडचिरोली, अहेरी आणि भामरागड. आश्रमशाळा, वसतिगृहं, आदिवासी कुटुंबांच्या योजना प्रकल्प अधिकाऱ्याकडे ('पीओ साहेब'). प्रकल्पाची हद्द तालुक्याच्या हद्दीहून मोठी असते. भामरागड प्रकल्पात एटापल्ली तालुकाही येतो.

वन विभागाचे पाच विभाग: गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा. त्यांची परिक्षेत्रं आणि बिटं तालुक्याच्या रेषा जुमानत नाहीत. गाव एका तालुक्यात आणि त्याचं जंगल दुसऱ्याच तालुक्याच्या नावाच्या वनविभागात, हे इथे रोजचं आहे. सामूहिक वनहक्काची (गावाने मिळून जंगल वापरण्याच्या आणि राखण्याच्या हक्काची) फाइल मात्र ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तिथून या जिल्ह्यात ग्रामसभांचं वजन वाढत गेलं. आज कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. मेंढ्याची घोषणा, 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार', इथे नुसती भिंतीवर रंगवण्यापुरती नाही. ग्रामसभेला डावलून सर्वेक्षण सुरू केलंत तर याचा अनुभव येईल.

पोलिसांबद्दल थोडक्यात. आतल्या भागात मुक्कामाला जाताना जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा पोलीस मदत केंद्राला ('पोमके') आधी कळवा. गावाचे पोलीस पाटील कोण, तेही विचारून घ्या. पण गावात शिरताना पोलिसांच्या गाडीतून उतरू नका. उरलेला दिवस लोक तुमच्याशी हवापाण्यावरच बोलतील.

५. जनगणनेचा आकडा वाचायला शिका

पुस्तिकेच्या 'अ' भागात गावातल्या सोयी असतात: शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता. 'ब' भागात माणसं: कुटुंबं, स्त्री-पुरुष, शून्य ते सहा वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, कामकरी. यात चार ठिकाणी लोक फसतात.

साक्षरता काढताना भागाकार एकूण लोकसंख्येने करू नका. आधी शून्य ते सहा वयाची मुलं वजा करा, मग भागा. एकूण लोकसंख्येने भागलं तर तुमचं गाव उगाचच जास्त निरक्षर दिसतं.

आश्रमशाळेचं गाव वेगळं काढून ठेवा. वसतिगृहातली मुलं जनगणनेत संस्थात्मक कुटुंब म्हणून आश्रमशाळेच्या गावात मोजली जातात. त्यामुळे साठ घरांच्या गावात एकदम चारशे माणसं आणि बहुतेक पोरंच, असं चित्र दिसतं. ती मुलं ज्या पाड्यांतून आली तिथे मात्र शाळकरी वयाचा खड्डा पडतो. दोन्ही गावं विचित्र वाटतील, पण मोजणी नियमाप्रमाणेच झालेली आहे.

ऋतू बघा. २०११ ची माणसांची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, संदर्भ दिनांक १ मार्च. जो माणूस या सगळ्या काळात घरापासून दूर होता तो घरी मोजला गेला नाही. आता गडचिरोलीत हा काळ कसला? मिरची तोडणीचा. कितीतरी कुटुंबं तेव्हा तेलंगणाकडे गेलेली असतात. एखाद्या गावात कुटुंबसंख्या फारच कमी दिसली तर आधी तिथे कुणी मिरचीला जातं का ते विचारा, मग निष्कर्ष काढा.

आणि चौथं, आकडा जुना आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली, तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. तिचे गावनिहाय तक्ते हाती येईपर्यंत २०११ चाच आधार. काही लोक जिल्ह्याचा वाढीचा दर प्रत्येक गावाला लावून 'अंदाजे २०२५' असा रकाना तयार करतात. तालुक्यापर्यंत ठीक आहे, पण दोनशे माणसांच्या टोल्याला ते करू नका. तिथे दोन कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली की सगळा दर कोसळतो.

६. आजचा आकडा गावातूनच काढा

आजची माणसं किती, याचं सगळ्यात विश्वासू उत्तर अंगणवाडी ताईंच्या सर्वेक्षण रजिस्टरात असतं, हे माझं ठाम मत आहे. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं ते लांबट रजिस्टर उघडलं की कुटुंब क्रमांक, कुटुंबप्रमुख, मग एकेकाचं नाव, वय, नातं. लग्न होऊन गेलेल्या पोरीच्या नावावर लाल रेघ, नव्या सुनेचं नाव तळाशी दाटीवाटीने, आणि एखाद्या घरापुढे पेन्सिलीने 'मिरचीला' असं लिहिलेलं. पेन्सिलीने, कारण ती माणसं परत येणार असतात. ताईंना हे रजिस्टर पाठ असतं. 'ताई, जरा रजिस्टर पाहू का?' असं बसून विचारा. फोटो काढायचा असेल तर वेगळी परवानगी घ्या, त्यात लोकांची नावं आहेत. आणि ती नावं तुमच्या अहवालात जाऊ देऊ नका.

बाकीचे आकडे पडताळणीपुरते.

मतदार यादी: फक्त अठरा वर्षांवरची माणसं. एका मतदान केंद्राच्या भागात तीन-चार गावं असतात, त्यामुळे गाव वेगळं काढावं लागतं.

रेशन दुकानाची यादी: कार्डं मोजते, चुली नाही. वेगळ्या कार्डासाठी कागदावर वेगळी झालेली कुटुंबं एकाच अंगणात जेवतात.

जन्म-मृत्यू नोंद: ग्रामीण भागात सचिव निबंधक असतो. पण जन्म जिथे होतो तिथे त्याची नोंद होते. अहेरीच्या किंवा गडचिरोलीच्या दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईचं बाळ गावाच्या रजिस्टरात सापडणार नाही. गावाचा जन्मदर या एका वहीवरून काढू नका.

आशाताईंची वही: गरोदर बाया आणि लहान मुलं यांच्याबाबत अंगणवाडीइतकीच चोख.

अंगणवाडी आणि आशा यांचे आकडे पाच-दहाने जुळले तर बहुतेक वेळा गाव हाती आलं असं समजा. मोठा फरक पडला तर एखादा टोला कुणाच्या तरी क्षेत्रातून सुटलाय किंवा दोघींनी धरलाय.

७. आकड्यावरून काय काय ठरतं ते ओळखा

लोकसंख्येवर एवढी खेचाखेच का, हे इथे कळतं. आरोग्य उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५,००० लोकसंख्या, आदिवासी व डोंगराळ भागात ३,०००. प्राथमिक आरोग्य केंद्राचा ३०,००० आणि २०,०००. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्याही, ७ पासून १७ पर्यंत, लोकसंख्येवरच बसते. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो, त्याची वाटणीही लोकसंख्येच्या प्रमाणात.

आता हे निकष ७४ घनतेच्या मुलखाला लावून बघा. ३,००० माणसं गोळा करायला इथे कितीतरी गावं लागतात, आणि त्यातली काही पावसाळ्यात नाल्यापलीकडे जातात. कागदावर उपकेंद्र 'निकषात बसतं', नर्सबाई मात्र जुलैत पोचू शकत नाही. तुमच्या अहवालात माणसांच्या संख्येशेजारी अंतराचा आणि 'पावसाळ्यात रस्ता बंद किती दिवस' याचा रकाना टाका. साहेब लोकही तो रकाना आधी वाचतात.

८. अर्ज करा, पोच घ्या

जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद गडचिरोलीत 'कॉम्प्लेक्स' भागात आहेत. रिक्षावाल्याला एवढंच सांगा.

अर्ज नेहमी दोन प्रतींत. एक आवक-जावक टेबलावर द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. साहेबांना हातात दिलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. साहेब 'बघतो' म्हणतात, मनापासून म्हणतात, आणि कागद फाइलींखाली जातो.

अर्जात 'माहिती मिळावी' असं मोघम लिहू नका. नोंदवहीचं नाव, ग्रामपंचायत, साल लिहा. तोंडी मागून मिळत असेल तर तोंडीच मागा. नाहीच मिळालं तर माहितीचा अधिकार: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. पण पहिल्याच भेटीत माहितीच्या अधिकाराची भाषा सुरू केलीत तर त्या कचेरीतला चहा कायमचा बंद.

'प्रभारी' हा शब्द ओळखीचा करून घ्या. पदं रिकामी असतात, एका पटवाऱ्याकडे दोन-तीन साझे (साझा म्हणजे एका पटवाऱ्याच्या हाताखालचा गावांचा गट), एका सचिवाकडे दोन ग्रामपंचायती. सचिव कुठल्या वारी कुठे असतो हे ग्रामपंचायतीच्या शिपायाला माहीत असतं, बीडीओ ऑफिसला नसतं. आठवडी बाजाराच्या दिवशी माणूस सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. महत्त्वाच्या बैठका आणि व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) असतील त्या दिवशी तालुक्याची कचेरी रिकामीच असते. आदल्या दिवशी फोन करून निघा. तक्रार अडून राहिली तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा लोकशाही दिन असतो.

९. गावात कधी जायचं

मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून लोक मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्त्याला. दिवसा गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. जायचंच तर संध्याकाळी जा आणि मुक्काम करा. जून ते सप्टेंबर पेरणी-रोवणी आणि पूर. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच तुटतो, तेव्हा या महिन्यांत तारखा देऊन बसू नका. धान निघाल्यावर, डिसेंबर ते जानेवारीचा मध्य, हा सगळ्यात सोयीचा काळ. त्यानंतर मिरचीची वाट सुरू होते.

गावात गेल्यावर सरपंचांना भेटाच, पण तिथेच थांबू नका. सरपंच गट ग्रामपंचायतीच्या दुसऱ्याच गावचे असू शकतात. माडिया गावात गायता किंवा भूमिया या पारंपरिक प्रमुखांचा शब्द चालतो, कोरचीसारख्या भागात अनेक ग्रामसभांची मिळून महाग्रामसभा असते. ग्रामसभेच्या अध्यक्ष-सचिवांना पत्र द्या, काम कशासाठी ते सांगा, ठराव होऊ द्या. (ग्रामसभेचा सचिव आणि ग्रामपंचायतीचा 'सचिव' ही दोन वेगळी माणसं असू शकतात, विचारून घ्या.) ठरावाची एक प्रत मागून घ्या आणि पुढच्या कचेरीत जाताना संस्थेच्या पत्राच्या वर ती लावा.